अपडेटनंतर फोन भरला? काही पुसण्याआधी हे वाचा

मागचे दोन लेख जरा जड झाले, अशी तक्रार घरातूनच आली. म्हणून आज घरचाच विषय घेते. माझ्या संशोधनाशी त्याचा थेट संबंध आहे, आणि तो संबंध मला प्रयोगशाळेत नाही, तर मामीच्या फोनमुळे नीट कळला.

दिवाळीनंतरची गोष्ट. तासगावजवळच्या आमच्या आजोळच्या गावातून मामीचा फोन आला. तोही स्वतःच्या मोबाईलवरून नाही, शेजारच्या काकूंच्या.

“अगं, माझा मोबाईल बघ कसा करतोय. रात्री अपडेट का काय ते झालं, आणि सकाळपासून नुसतं जागा नाही, जागा नाही म्हणतंय. फोटो काढू देईना, व्हॉट्सॲप उघडेना.”

“मामी, तू काही पुसू नकोस. चार्जिंगला लावून ठेव. मी शनिवारी येते.”

“शनिवारी? अगं, परवा बँकेत जायचंय गटाच्या कर्जाचं. सगळं त्याच्यातच हाय.”

मामी गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. हप्त्यांच्या वहीचे फोटो, बायकांनी पाठवलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, पावत्या, सगळं त्या एका फोनमध्ये. तिला शनिवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. ती मोबाईलच्या दुकानात गेली. तिथल्या मुलाने विचारलं, “बॅकअप चालू आहे ना?” मामीने सेटिंग उघडून दाखवलं. बॅकअप खरंच चालू होतं. “मग काळजी नाही, रिसेट मारू.” वीस मिनिटांत फोन नव्यासारखा चालायला लागला.

शनिवारी मी पोचले तेव्हा हिशेब असा निघाला. फोन नंबर सगळे परत आले. फोटो आले, पण चार महिन्यांपूर्वीपर्यंतचेच. व्हॉट्सॲपच्या गप्पाही तिथपर्यंतच. पावत्या आणि स्क्रीनशॉट गेले. बचत गटाची मूळ वही लोखंडी पेटीत होती म्हणून निभावलं. पानांचे फोटो परत काढले, बायकांकडून स्क्रीनशॉट परत मागवले, बँकेचं काम आठवडाभर लांबलं, पण झालं.

जे झालं नाही ते वेगळंच होतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामीने फोनच्या रेकॉर्डरवर टिपून ठेवल्या होत्या. एकूण ३१. आजी जाऊन तीन वर्षं झाली. त्यातली एकही परत आली नाही.

दुकानातल्या मुलाला दोष देववत नाही. त्याने विचारायचा तो प्रश्न विचारला, मामीने खरं ते उत्तर दिलं. घोळ होता तो “बॅकअप चालू आहे” या तीन शब्दांत. आजचा लेख त्या तीन शब्दांवर, आणि अपडेटनंतर कुठली गोष्ट कुठल्या क्रमाने करायची यावर.

फोनच्या आतला सातबारा

माझं संशोधन मोबाईलच्या फाईल सिस्टिमवर आहे. घरी विचारलं की मी असं सांगते: फोनमधली मेमरी चिप म्हणजे जमीन, आणि फाईल सिस्टिम म्हणजे सातबारा. कुठला तुकडा कुणाच्या नावावर, किती क्षेत्र, ही सगळी नोंद त्यात. तुम्ही फोटो उघडता तेव्हा फोन आधी नोंद बघतो, मग जमिनीवर जातो.

फोटो डिलीट केला की बहुतेक वेळा आधी फक्त नोंद जाते. जमीन लगेच नांगरली जात नाही. त्यामुळे नोंदीत घोळ झाला तर दोन्ही प्रकार होऊ शकतात: असलेली वस्तू दिसत नाही, किंवा पुसलेली वस्तू परत दिसते. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण मे २०२४ मधलं. आयओएस १७.५ हे अपडेट घेतल्यावर काही लोकांच्या आयफोनमध्ये पूर्वी पुसलेले फोटो परत दिसायला लागले. ॲपलने लगेच १७.५.१ काढून दुरुस्ती केली आणि कारण दिलं ते डेटाबेस बिघडल्याचं, म्हणजे आपल्या भाषेत नोंदवहीचं.

मग प्रश्न येतो: जमीन तिथेच असेल तर रिसेट केलेल्या फोनमधूनही ओव्या परत काढता येतील ना? इथे एक मोठा अडसर आहे. हल्लीचे फोन प्रत्येक फाईल कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवतात. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनना हे सक्तीचं आहे. रिसेट करताना फोन या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. चिपवर काही उरलं तरी ते निव्वळ अर्थहीन आकडे. फोन चोरीला गेला तर हीच गोष्ट आपल्याला वाचवते, आणि घाईत रिसेट केलं तर हीच गोष्ट आपल्याला बुडवते. “पुसलेलं परत आणून देतो” म्हणणारी ॲप रिसेटनंतर का काही करू शकत नाहीत, त्याचं कारण हे.

अपडेटनंतरच जागा का संपते?

मामीचा फोन आदल्या रात्रीपर्यंत चालत होता. मग एका रात्रीत काय झालं? तीन-चार गोष्टी एकदम झाल्या.

पहिली. अपडेट उतरवणं म्हणजे जुन्या घरात राहत असताना शेजारी नवं घर बांधणं. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ए/बी नावाची पद्धत आली: सिस्टिमच्या दोन प्रती, एक चालू आणि दुसरीवर नवं अपडेट. नवं नीट सुरू झालं नाही तर फोन जुन्यावर परत जातो. पण दोन पूर्ण प्रतींना जागा फार लागते. म्हणून अँड्रॉइड ११ पासून सुधारित पद्धत आली. तिच्यात फक्त जे बदललं तेवढंच वेगळं लिहून ठेवतात, आणि ते लिहायला सिस्टिमच्या वाट्याची जागा पुरली नाही तर तुमच्या फोटो-व्हिडिओच्या वाट्यातली जागा तात्पुरती उसनी घेतात. नवं सुरळीत सुरू झालं की मागच्या मागे दोन्ही एकत्र केलं जातं आणि उसनी जागा परत मिळते. म्हणजे अपडेटनंतर लगेच दिसणारा जागेचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो.

दुसरी. प्रत्येक ॲप तुमच्या फोनच्या प्रोसेसरला साजेसं करून ठेवलेलं असतं. सिस्टिम बदलली की हे काम बऱ्याच ॲपसाठी पुन्हा करावं लागतं. ते शक्यतो फोन रिकामा असताना आणि चार्जिंगला असताना चालतं. गॅलरी आपली यादी पुन्हा बनवते ते वेगळंच. त्या एक-दोन दिवसांत फोन तापणं, बॅटरी लवकर उतरणं हे त्याच कामाचं लक्षण असू शकतं.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. फोन आधीपासूनच काठोकाठ भरलेला होता. अपडेटने फक्त शेवटचा थेंब टाकला.

भरलेला फोन हळू का होतो?

फोनमधली साठवण फ्लॅश मेमरीची असते. तिची एक खोड आहे. समजा, बचत गटाची वही शाईने लिहिली आहे. एका ओळीत चूक झाली, तर तेवढी एक ओळ खोडून परत लिहिता येत नाही. पूर्ण पान फाडायचं असेल तर आधी त्यावरच्या बरोबर असलेल्या ओळी कोऱ्या पानावर उतरवाव्या लागतात. फ्लॅशचं तसंच: लिहिता येतं छोट्या तुकड्यात, पण पुसता येतं ते एकदम मोठ्या गठ्ठ्यात. म्हणून फोन सतत आतल्या आत चांगला मजकूर हलवून जुने गठ्ठे मोकळे करत असतो.

या कामाला कोरी पानं लागतात. ती नसतील तर एक ओळ लिहायला आधी दहा ओळी हलवाव्या लागतात. फोन अडकतो, कॅमेरा उघडायला वेळ घेतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, ते यामुळे. आपण म्हणतो “अपडेटने फोन स्लो केला”. बऱ्याचदा खरं कारण असतं ते कोरी पानं संपल्याचं.

या विषयावरचा माझा आवडता शोधनिबंध २०१२ चा आहे. फास्ट नावाच्या, फक्त साठवणुकीवर होणाऱ्या परिषदेत ह्योजुन किम, नितीन अग्रवाल आणि क्रिस्टियन उंगुरेआनू यांनी तो मांडला. तोपर्यंत समज असा होता की फोन हळू असेल तर दोष नेटवर्कचा किंवा प्रोसेसरचा. यांनी तोच फोन, तेच ॲप ठेवून फक्त खालची साठवण बदलून पाहिली. ॲपच्या वेगात सर्रास १०० ते ३०० टक्क्यांचा फरक पडला. ब्राउझर, नकाशे अशा ॲपनासुद्धा साठवण अडवते हे त्यातून दिसलं.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने त्यामागचं एक कारण दाखवलं. तुम्ही एक छोटा मेसेज पाठवता. ॲपचा डेटाबेस सुरक्षिततेसाठी तो आधी आपल्या कच्च्या वहीत लिहितो, मग पक्क्या वहीत. खालची फाईल सिस्टिमही सुरक्षिततेसाठी तेच करते. म्हणजे कच्च्या वहीचीही कच्ची वही. दोघांचाही हेतू चांगला, पण दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि एका ओळीसाठी चिपवर कितीतरी पट लिखाण होतं. माझं स्वतःचं काम याच धाग्यावरचं आहे: फोन जवळजवळ भरलेला असताना अचानक बंद पडला, तर कुठल्या नोंदी टिकतात आणि कुठल्या अर्धवट राहतात. दिवसभर आम्ही फोनची वीज तोडतो, परत जोडतो आणि आत काय उरलं ते मोजतो. त्यातून शिकलेली एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या उपयोगाची आहे: लिहायला जागा लागते, वाचायला लागत नाही. फोन कितीही भरलेला असो, त्यातलं बाहेर काढता येतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

“बॅकअप चालू आहे” म्हणजे नक्की काय?

मामीच्या फोनवर बॅकअपचं बटण निळं होतं. पण अँड्रॉइडमध्ये बॅकअप नावाच्या निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांना एकमेकांशी काही देणंघेणं नसतं.

*एक, फोनचा बॅकअप.* यात संपर्क, मेसेज, कॉलची यादी, सेटिंग आणि ॲपची थोडी माहिती जाते. गूगलच्या या व्यवस्थेत एका ॲपसाठी मर्यादा २५ एमबी. मोठ्या फाईल त्यात बसतच नाहीत.

*दोन, फोटो.* गूगल फोटोज कॅमेऱ्याने काढलेलं वर पाठवतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट यांची फोल्डर वेगळी असतात आणि ती एकेक करून चालू करावी लागतात. शिवाय हा निव्वळ बॅकअप नाही, जुळवणी आहे: फोटोज ॲपमधून वर गेलेला फोटो पुसला की तो दोन्हीकडून जातो. असा फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो.

*तीन, व्हॉट्सॲप.* याचा बॅकअप पूर्ण वेगळा, त्याच्याच सेटिंगमध्ये. त्याला तुम्ही पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावली असेल आणि ती हरवली, तर तो बॅकअप असून नसल्यासारखा. कंपनीसुद्धा तो उघडू शकत नाही.

आता या तिन्हींच्या बाहेर काय राहिलं ते बघा. डाऊनलोडचं फोल्डर. कुणी पाठवलेल्या पीडीएफ. आणि रेकॉर्डरचं फोल्डर. आजीच्या ३१ ओव्या तिथे होत्या. त्या कधीच कुठे गेल्या नव्हत्या; बटण निळं असलं तरी.

आणि चार महिन्यांचे फोटो का गेले? कारण गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटोज या सगळ्यांत मिळून. पूर्वी थोडी दर्जा कमी केलेले फोटो यात मोजत नसत. १ जून २०२१ पासून ते मोजायला लागले. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आधी मोजत नव्हते. २०२४ मध्ये तोही टप्प्याटप्प्याने त्याच १५ जीबीत आला. मामीचे १५ जीबी चार महिन्यांपूर्वी भरले. त्या दिवसापासून बटण निळंच राहिलं, पण वर काही जात नव्हतं. फोनने तशी सूचना दिलीही असेल. पण दिवसाला पन्नास सूचना येणाऱ्या फोनवर एक्कावन्नावी कोण वाचतं?

आयफोनवर नावं वेगळी, गोष्ट तीच. आयक्लाऊडची फुकट जागा ५ जीबी, आणि तिथेही फोटो पुसला की जुळवणी असलेल्या सगळ्या उपकरणांवरून जातो.

आता क्रम

अपडेटनंतर जागा संपली, फोटो दिसेनासे झाले किंवा फोन अडकायला लागला, तर मी घरच्यांना हा क्रम सांगते. यातला क्रमच महत्त्वाचा आहे.

१. पहिली रात्र काही करू नका. फोन एकदा बंद करून चालू करा. रात्रभर चार्जिंगला आणि वाय-फायवर ठेवा. वर सांगितलेली मागची कामं त्या वेळात होतात, आणि कधी कधी प्रश्न सकाळी आपोआप सुटलेला असतो.

२. आधी बाहेर काढा. वाचायला जागा लागत नाही, हे इथे कामी येतं. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, फोनवर “फाईल ट्रान्सफर” निवडा. ही फोल्डर उतरवून घ्या: डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो यात असतात), पिक्चर्स, डाऊनलोड, डॉक्युमेंट्स, रेकॉर्डिंग्ज. रेकॉर्डरचं फोल्डर प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळ्या ठिकाणी असतं, तेव्हा ते शोधा. व्हॉट्सॲपसाठी “अँड्रॉइड”, त्यात “मीडिया”, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर. लॅपटॉप नसेल तर फोनला थेट लागणारा ओटीजी पेन ड्राइव्ह चालतो. उतरवून झालं की त्यातल्या चार-पाच फाईल उघडून बघा. एक जुना फोटो, एक नवा व्हिडिओ, एक आवाज. नुसती फोल्डरची नावं दिसली म्हणजे काम झालं नाही.

३. फोटो दिसत नसतील तर फाईल मॅनेजरमध्ये बघा, गॅलरीत नव्हे. गॅलरी ही यादी आहे, जमीन नाही. यादी पुन्हा बनायला वेळ लागतो. गॅलरीला फोटो बघण्याची परवानगी अजून आहे का तेही तपासा. ॲप फार दिवस वापरलं नसेल तर अँड्रॉइड ११ पासून त्याच्या परवानग्या आपोआप काढल्या जातात. याच आवृत्तीपासून ॲपनी फाईल कुठे ठेवायच्या याचे नियमही कडक झाले, आणि व्हॉट्सॲपचं फोल्डर जुन्या जागेवरून वर सांगितलेल्या नव्या जागी गेलं. खूप जुन्या फोनमध्ये दोन्ही फोल्डर सापडतात. दोन्ही बघा.

४. तिन्ही बॅकअपच्या तारखा बघा. “चालू आहे का” हा प्रश्न नाही. “शेवटचं कधी झालं” हा प्रश्न आहे. फोटोजमध्ये आपल्या चित्रावर दाबलं की बॅकअप पूर्ण झालाय की काही बाकी आहे ते दिसतं. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, चॅट, चॅट बॅकअप: तिथे तारीख आणि आकार असतो. तो कुठल्या खात्यावर जातोय तेही वाचा. मुलाच्या जुन्या खात्यावर जाणारा आईचा बॅकअप मी पाहिला आहे. फोनचा बॅकअप सेटिंगमध्ये. १५ जीबीपैकी किती उरले तेही तिथेच कळतं.

५. मग जागा करा, कमी धोक्याच्या गोष्टीपासून. सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या ॲपमध्ये उतरवून ठेवलेले भाग. ऑफलाइन नकाशे. गॅलरीची कचरापेटी, तिथलं पुसलेलं काही दिवस जागा अडवून बसतं. व्हॉट्सॲपमधलं “मॅनेज स्टोरेज”, जिथे सगळ्यात मोठे आणि सगळ्यात जास्त पुढे ढकललेले व्हिडिओ वेगळे काढून दाखवतात. शुभ सकाळचे व्हिडिओ गेले तरी कुणाचं काही अडत नाही.

इथे एक सावधगिरी. ॲपच्या माहितीत दोन बटणं शेजारी असतात: “क्लिअर कॅशे” आणि “क्लिअर डेटा” किंवा “क्लिअर स्टोरेज”. कॅशे म्हणजे ॲपची तात्पुरती रद्दी, ती काढली तर परत बनते. डेटा म्हणजे ॲपचं घर. व्हॉट्सॲपवर दुसरं बटण दाबलं तर गप्पा जातात. घाईत चुकीचं बटण दाबणाऱ्यांत मी स्वतःही एकदा होते.

फोटोजमधलं “फ्री अप स्पेस” चांगलं आहे, पण पायरी ४ मध्ये बॅकअप पूर्ण दिसल्यावरच. काम झाल्यावर फोनची निदान दहावा भाग जागा मोकळी राहू द्या. ती कोरी पानं आहेत.

६. रिसेट सगळ्यात शेवटी. आणि पायरी २ मधली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय नाहीच. दुकानात दिलात तर हे वाक्य तोंडपाठ करून जा: “रिसेट करायचं असेल तर आधी मला विचारा.”

अपडेटमध्येच दोष असेल तर?

असतोही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आल्यावर काही पिक्सेल फोनवर, पिक्सेल ६ आणि त्यापुढच्या, ज्यांवर एकापेक्षा जास्त वापरकर्ते किंवा पाहुणा वापरकर्ता ठेवला होता, मुख्य वापरकर्त्याला स्वतःचेच फोटो आणि फाईल उघडता येईनात. काही फोन तर पुन्हा पुन्हा चालू-बंद होत रिसेट करायला सांगत होते. गूगलने दोष मान्य केला आणि नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली. ज्यांचा फोन चालू होत होता आणि जे थांबले, त्यांच्यासाठी ती दुरुस्ती होती. ज्यांनी वैतागून आधीच रिसेट केलं, त्यांच्या किल्ल्या गेलेल्या होत्या. त्यांना दुरुस्तीचा काय उपयोग?

म्हणून मोठं अपडेट आलं की मी दोन गोष्टी करते. आधी पायरी २, म्हणजे बाहेर प्रत. आणि सुरक्षेचं छोटं मासिक अपडेट लगेच घेते, पण आवृत्ती बदलणारं मोठं अपडेट दोन-तीन आठवडे थांबून. अपडेट कायमचं टाळू नका. सुरक्षेची भोकं उघडी राहतात.

बॅकअपची परीक्षा

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला एक नियम आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो: ३-२-१. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. फोनमध्ये एक, पेन ड्राइव्हवर एक, आणि तिसरी क्लाऊडवर किंवा दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे. सगळ्या फोनला हे करायची गरज नाही. जे गेलं तर परत मिळणार नाही, तेवढ्याला करा.

मी त्यात एकच भर घालते. प्रयोगशाळेत आम्ही “डेटा सुरक्षित आहे” असं कधी लिहीत नाही. “वीज तोडली आणि इतक्या वेळा परत आला” असं लिहितो. घरीही तेच. परत आणून न पाहिलेला बॅकअप ही नुसती आशा आहे.

मामीकडे आता एक पेन ड्राइव्ह आहे. महिन्याच्या दहा तारखेला गटाची बैठक संपली की ती फोन जोडते, फोल्डर उतरवते, एक पावती आणि एक फोटो उघडून बघते, आणि पेन ड्राइव्ह वहीसोबत पेटीत ठेवते. तिला फाईल सिस्टिम म्हणजे काय ते माहीत नाही. तरी तिचा बॅकअप माझ्यापेक्षा नियमित आहे.

ओव्यांचं सांगायचं राहिलं. ३१ पैकी ९ मामीने कधीतरी घरच्या ग्रुपवर पाठवल्या होत्या. त्या माझ्या आईच्या फोनमध्ये सापडल्या. म्हणजे ज्याला आपण “उगाच ग्रुपवर टाकलं” म्हणतो, तीच त्यांची एकमेव दुसरी प्रत निघाली. उरलेल्या २२ आजीच्या आवाजात आता नाहीत. त्यातल्या मामीला आठवतात तेवढ्या तिने परवा बसून म्हटल्या, मधे थांबत, एखादी ओळ आईला विचारत. मी टिपून घेतल्या. सात झाल्या. त्याच संध्याकाळी त्या तीन ठिकाणी ठेवल्या, आणि तिन्ही ठिकाणी उघडून ऐकल्या.